बाटलीची बखर

वैशाख संपत आला म्हणजे भुशीच्या तलावांतलें पाणी खोल उतरतें, धरणाच्या पायऱ्या उन्हानें तापून कोरड्या ठणठणीत पडतात, आणि पावसाळ्यांत जेथें पाय ठेवावयास जागा मिळत नाहीं तेथें एक गुराखी व त्याच्या चार म्हशी यांपलीकडे कोणी दिसत नाहीं. अशाच एका सायंकाळीं आमच्या ओटीवर एक लहानशी, आणि आमच्या घराण्याच्या इतिहासांत उघडपणें पूर्वीं कधीं न भरलेली, बैठक भरली. माझा पुतण्या आठ वर्षें लंडनास असतो. सुटींत येतांना तो कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून तीन बाटल्या घेऊन आला होता. "काका, तुम्ही इतिहास लिहितां, आज थोडा चाखून पाहा," असें म्हणून त्यानें त्या माझ्यापुढें ठेवल्या. तिन्ही बाटल्या इंग्रजी बिअरच्या होत्या. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें पिणाराजवळ परवाना असावा लागतो, आणि तो कायदा महाराष्ट्रांत अजून चालू आहे. पुतण्यानें तेवढीहि तजवीज करून ठेविली होती. तेव्हां वाचकांनीं निश्चिंत असावें.

त्या दिवशीं वीज दुपारपासूनच गेली होती. फ्रिज असून नसल्यासारखा. वहिनींनीं कांहीं न बोलतां बाटल्यांना ओलीं फडकीं गुंडाळलीं आणि त्या माठाशेजारीं, वाऱ्याच्या तोंडीं ठेवून दिल्या. त्यांचें तें न बोलणें मला जाणवलें. त्याचें कारण पुढें येईल. घटकाभरानें बाटल्या हाताला गार लागूं लागल्या. पुतण्या म्हणाला कीं, इंग्रजी एल बर्फासारखी थंड पिणें हें मुळांत चूकच. विलायतेंत ती तळघराच्या गारव्याची, म्हणजे १२-१३ अंशांची देतात. आमच्या माठाचा गारवा कांहीं तितका नव्हता, तरी काम भागलें.

पहिली बाटली यॉर्कशायरांतील टॅडकास्टर गांवच्या सॅम्युअल स्मिथ यांच्या कारखान्याची. रंग ताज्या मधाचा. पेल्याशीं नाक नेलें तर संत्र्याच्या सालीचा आणि उन्हांत वाळलेल्या गवताचा वास. पहिला घोट गोडसर, आणि मग सावकाश जिभेच्या मुळाशीं बसणारा एक स्वच्छ कडवटपणा. कारल्याचा कडवटपणा एकदम अंगावर येतो. हा मागाहून येतो आणि रेंगाळतो. दुसरी बाटली लंडनच्या फुलर्सच्या काळ्या पोर्टरची. हिच्यांत भाजून काळा केलेला जव पडतो; त्यामुळें ती कॉफीची व किंचित् करपलेल्या गुळाची आठवण करून देते. ताटलींत लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की होती. तिच्याशीं या काळीचें चांगलेंच जमलें. तिसरी बाटलींतच मुरणाऱ्या जातीची होती. तिच्या तळाशीं किण्वाचा पातळ साका बसलेला असतो, आणि ओततांना हात हलला तर पेला गढूळ होतो. माझा हात हलला.

पहिल्या बाटलीच्या चिठ्ठीवर 'इंडिया' हा शब्द होता. त्यावर बोट ठेवून पुतण्यानें आम्हांला ती प्रसिद्ध कथा सांगितली: साधी बिअर हिंदुस्थानच्या सागरी वाटेवर नासून जाई, म्हणून हॉजसन नांवाच्या एका इंग्रजानें हॉपचीं कडू फुलें व मद्यार्क वाढवून मुद्दाम हिंदुस्थानासाठीं ही नवी जात शोधून काढली, आणि तीच 'इंडिया पेल एल' होय. कथा गोड आहे. परंतु बखरींतल्या गोड कथेविषयीं अभ्यासकानें प्रथम संशय घ्यावा, हा धडा आपल्याकडे राजवाड्यांनीं घालून दिलेला आहे. तोच या बाटलीला लावून पाहूं.

जॉर्ज हॉजसन हा खरा पुरुष. त्यानें १७५२ मध्यें लंडनच्या पूर्वेस बो येथें आपला कारखाना घातला. ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें जेथें नांगर टाकीत तें ब्लॅकवॉल तेथून जवळच होतें. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खाजगी व्यापार करण्याची मुभा असे. हॉजसन त्यांना माल देई आणि पैशांसाठीं वर्ष दीड वर्ष थांबे. त्याच्या यशाचें बीज या जवळिकींत व या उधारींत होतें. फिकट रंगाची एल त्याच्या आधींपासून इंग्लंडांत होत होती. श्रीमंत जमीनदारांच्या घरीं आश्विनाच्या सुमारास कडक, भरपूर हॉप घातलेली बिअर करून ती वर्षें दोन वर्षें तळघरांत मुरवीत ठेवण्याची चालहि जुनीच. कलकत्ता गॅझेटांत १७८४ मध्येंच फिकट एल विकावयास आल्याची जाहिरात आढळते; हॉजसनचें नांव तेथें १७९३ मध्यें येतें. शिवाय काळी पोर्टरहि त्याच वाटेनें मोठ्या प्रमाणांत येत होती आणि ती कांहीं नासत नव्हती. तात्पर्य, ज्या अडचणीवर उपाय म्हणून ही जात निघाली म्हणतात ती अडचणच तितकी मोठी नव्हती.

हॉजसनच्या वारसांना पुढें लोभ सुटला. १८२१ च्या सुमारास त्यांनीं कप्तानांना बाजूस सारून व्यापार सर्वस्वीं आपल्या हातीं घेण्याचा घाट घातला, भाव चढविले आणि उधारी बंद केली. तेव्हां कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनीं १८२२ मध्यें बर्टन गांवच्या सॅम्युअल ऑलसॉप यांस हाच माल करून पाहण्यास सुचविलें. ऑलसॉपचा रशियाशीं चालणारा व्यापार जकातीच्या भारानें बुडाला होता. त्यांना नवें गिऱ्हाईक हवेंच होतें. त्यांच्या जॉब गुडहेड नांवाच्या कारागिरानें पहिला नमुना चहाच्या किटलींत केला, असें सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यांत जिप्सम विरघळलेलें असतें, आणि त्या पाण्यांत हॉपचा कडवटपणा अधिक स्वच्छ उमटतो. म्हणून नक्कल मूळापेक्षां सरस ठरली. थोड्याच वर्षांत बास या दुसऱ्या बर्टनकरानें सर्वांना मागें टाकलें. गंमत अशी कीं, 'ईस्ट इंडिया पेल एल' हें नांव छापील स्वरूपांत आढळतें तें हिंदुस्थानांत नव्हे, तर १८२९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील सिडनीच्या वृत्तपत्रांत! आपलें नांव घेऊन माल भलत्याच बंदरीं उतरत होता.

मग या एलमध्यें वेगळें असें कांहींच नव्हतें काय? होतें, पण तें अंशतः समुद्राचें कर्तृत्व होतें. सुएझचा कालवा १८६९ मध्यें खुला होईपर्यंत जहाजें आफ्रिकेला वळसा घालून येत. चार ते सहा महिन्यांच्या त्या प्रवासांत विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागे. तळाशीं रचलेलीं पिंपें थंडींतून उन्हांत, उन्हांतून पुन्हां थंडींत आणि परत उन्हांत जात. सारा वेळ हेलकावत असत. आंतल्या उरल्यासुरल्या साखरेवर किण्वाचें काम सावकाश चालूच राही. कैरीचें लोणचें बरणींत मुरतें तशीच ही क्रिया. तिच्यांत कोणाचा हात होता तें १९०४ मध्यें उलगडलें. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत क्लॉसेन यांनीं इंग्रजी बिअर मुरविणारें एक सूक्ष्म किण्व वेगळें काढलें आणि त्याचें नांव 'ब्रेटनोमायसिस', म्हणजे ब्रिटिश बुरशी, असें ठेविलें. म्हणजे पाहा: जव इंग्लंडचा, हॉप इंग्लंडचे, पाणी बर्टनचें, बुरशीसुद्धां ब्रिटिश. हिंदुस्थानचा तिच्यांत एक दाणाहि नाहीं. 'इंडिया' हें एका बाजारपेठेचें नांव.

येथवर आलों आणि मला वाटलें कीं चौकशी संपली. पण तिसरा पेला गढूळ झाल्यामुळें तो निवळेपर्यंत थांबावें लागलें, आणि तेवढ्यांत घाटाकडून इंजिनाची शीळ ऐकूं आली. तेव्हां लक्षांत आलें कीं, बंदरापर्यंतची बखर इंग्रजांनीं लिहिली आहे. बंदरापासून वरची कोणी लिहिलेली नाहीं. ती आपल्याच दारावरून जाते.

१८१७ मध्यें खडकीची लढाई झाली, पुढच्या वर्षीं पेशवाई बुडाली, आणि पुण्यास गोऱ्या फौजेची कायमची छावणी पडली. फौज आली कीं मागून तिची बिअर आलीच. साहेबांना फिकी, सोजिरांना काळी. मुंबईस उतरलेला माल मचव्यानें पनवेलीस, तेथून खोपोलीस, आणि मग बोरघाटानें वर. १८३० मध्यें सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत घाटांत गाडीरस्ता खुला झाला. तोंपर्यंत हें सारें ओझें बैलाच्या पाठीवर आणि हमालाच्या डोक्यावर चढत असे. पेला हातांत धरून मीं मनांत हिशेब केला: सहा महिने समुद्रानें हिला झुलविलें तें इतिहासांत नोंदलें गेलें, खोपोली ते खंडाळा ज्यानें ही मानेवर पेलली तो मात्र वाटेंतच राहिला.

मग आगगाडी आली. बोरघाटाच्या चढावाचें काम जानेवारी १८५६ मध्यें सुरू झालें. जेमतेम १६ मैलांच्या अंतरांत १,८३१ फूट चढायचें, २५ बोगदे कोरायचे, दऱ्यांवर पूल बांधायचे, असा तो पराक्रम. जेम्स बर्कले हे त्याचे मुख्य इंजिनिअर. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या अमदानींत जानेवारी १८५९ मध्यें मजुरीच्या थकबाकीवरून कामकऱ्यांचा दंगा झाला, आणि त्याच वर्षीं मार्चांत त्यानें काम सोडलें. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. पण त्याची बायको ॲलिस हिनें कंत्राट टाकलें नाहीं, आणि दोघां जाणत्या इंजिनिअरांच्या हातून काम तडीस नेलें. १८६१ मध्यें भर कामाच्या दिवसांत या घाटांत ४२,००० माणसें राबत होतीं. कडे फोडतांना, दोरांवर लोंबकळतांना, आणि सर्वांत अधिक पटकीनें त्यांतलीं किती तरी गेलीं. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं मार्ग खुला केला. बर्कले तो दिवस पाहण्यास राहिले नव्हते. पण त्यांचें नांव राहिलें. घाटांत मेलेल्या मजुरांचीं नांवें कोणी कोरून ठेविलीं नाहींत.

घाट चढलेल्या इंजिनांना तहान फार. त्यांच्या पाण्यासाठीं १८६० नंतरच्या दशकांत जी. आय. पी. रेल्वेनें इंद्रायणीला आमच्या भुशीजवळ बांध घातला. आज ज्या धरणाच्या पायऱ्यांवर हौशी मंडळी आषाढांत भिजतात तें धरण मुळांत इंजिनांची पाणपोई होतें. १९२९ मध्यें घाटांत विजेचीं इंजिनें आलीं आणि पाणपोईचें काम सरत चाललें. परंतु मधल्या साठ वर्षांत बर्टनची जी बाटली पुण्यास पोहोंचली ती भुशीच्या पाण्याच्या वाफेवर पोहोंचली, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. चिठ्ठीवरच्या 'इंडिया' या शब्दाला माझ्या लेखीं पहिल्यानें अर्थ आला तो येथें.

बाटली मुक्कामाला पोहोंचली तरी आपल्या माणसांची चाकरी संपत नसे. साहेबाच्या पदरीं 'आबदार' नांवाचा एक नोकर असे. सोरा पाण्यांत विरघळला म्हणजे पाणी थंड होतें. त्या पाण्यांत बाटल्या फिरवीत बसणें हें त्याचें काम. १८३३ मध्यें अमेरिकेचा बर्फ जहाजानें कलकत्त्यास आला, पुढच्या वर्षीं मुंबईस आला, आणि आबदाराची विद्या हळूहळू मोडीत निघाली. त्या सायंकाळीं वहिनींनीं ओल्या फडक्यानें जें साधलें तें त्याच विद्येचें गरिबाघरचें रूप होतें.

या सगळ्या खटाटोपांत आपण वाहणारे होतों, थंड करणारे होतों, पंखा ओढणारे होतों; पिणारे नव्हतों. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या घाटानें परदेशी बाटली राजमार्गानें वर जात होती त्याच घाटाच्या पायथ्याशीं कातकरी आणि ठाकूर मोहाचीं फुलें वेंचून आपल्यापुरती दारू काढीत. १८७८ च्या अबकारी कायद्यानें ती मोडून मद्य सरकारी देखरेखीच्या भट्ट्यांत नेलें. आणि १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचें फूल बाळगण्यावरहि बंधन आलें. रानांत आपोआप गळून पडणारें फूल घरांत सांपडलें तर गुन्हा, आणि सहा हजार कोसांवरून आलेलें पिंप मात्र प्रतिष्ठित! दारूच्या बऱ्यावाइटाचा हा प्रश्न नव्हे. कोणाची दारू, एवढाच प्रश्न होता.

मग मराठी घरांत ही बाटली शिरली कधीं? माझें उत्तर असें कीं, ती रिकामी होऊन शिरली. आमच्या आजीच्या फडताळांत काळपट हिरव्या जाड काचेच्या चार बाटल्या होत्या. तिचे सासरे लोणावळ्यास रेल्वेंत कारकून होते. गोऱ्या अंमलदारांच्या बंगल्यांवरून बोहारणीकडे जाणाऱ्या बाटल्यांतल्या त्या असाव्यात. आजीनें त्या चुलीच्या राखेनें आणि चिंचेनें घांसल्या, आंत मूठभर तांदूळ व पाणी घालून खळखळविल्या, तीन दिवस उन्हांत पालथ्या घातल्या, आणि मग एकींत आगळ, दुसरींत काकवी, उरलेल्या दोहोंत तिळाचें तेल भरलें. देवापुढच्या दिव्याचें तेल मात्र त्यांतून कधीं ओतलें नाहीं; त्यासाठीं पितळी बुधली वेगळी होती. 'बाटली' हा शब्द फिरंग्यांच्या भाषेंतून आला हें आजीला ठाऊक नव्हतें. तिची व्युत्पत्ति सरळ होती: "बाटली म्हणून बाटली." आणि तरी ती बाटलेली वस्तु तिनें टाकून दिली नाहीं, शुद्ध करून, मर्यादा घालून, संसाराला लाविली. आपल्या सुधारकांचे व सनातन्यांचे अर्धशतकाचे वाद मीं वाचले आहेत. इतकी व्यवहारी तोड त्यांत क्वचित् आढळली.

भरलेली बाटली मात्र ओटीवर आली नाहीं. १९०८ मध्यें टिळकांच्या अनुयायांनीं पुण्यांत दारूच्या दुकानांवर पहारे बसविले. १९१९ मध्यें गडकऱ्यांचा 'एकच प्याला' गंधर्व मंडळीनें रंगभूमीवर आणला, आणि सुधाकराच्या पहिल्या पेल्याची धास्ती मराठी घराघरांत कायमची बसली. ६ एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यांत दारूबंदी आली. त्या बंदीच्या काळांत आमच्याच घरांतले एक काका हातभट्टीच्या मार्गाला लागले. रात्रीं तलावाच्या बाजूनें कोठें तरी जात आणि पहाटे परत येत. चाळिशीच्या आंत गेले. आजीनें त्यानंतर त्यांचें नांव उच्चारलें नाहीं, आणि कोणीहि कारण उच्चारलें नाहीं. वहिनी या घरांत आल्या त्या वर्षींची ही गोष्ट. ओलें फडकें गुंडाळतांना त्या कां बोलल्या नाहींत, हें आतां वाचकांस कळलें असेल.

म्हणून मीं पुतण्याला त्या रात्रीं दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, तुझी बिअर चांगली आहे. तिचा दोष कांहीं नाहीं, आणि चाखल्याचा मला पश्चात्ताप नाहीं. दुसरी, तिच्या चिठ्ठीवरची कथा पुढच्या वेळीं सांगशील तेव्हां हॉजसनपाशीं थांबूं नकोस, घाटाखालपर्यंत ये. आणि मग काकांची गोष्टहि, नांवासकट, त्याला प्रथमच सांगितली. वहिनी उंबऱ्यावर येऊन ऐकत होत्या. त्यांनीं मधेंच एक तपशील दुरुस्त केला. पन्नास वर्षांनीं त्या घरांत त्या विषयावर पहिलें वाक्य बोललें गेलें तें असें.

तिन्ही बाटल्या मिळून निम्म्याहि संपल्या नव्हत्या. सकाळीं उठून पाहतों तों त्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुऊन पालथ्या घातलेल्या. गॅसच्या घरांत राख नाहीं; चिंच मात्र होती. चिठ्ठ्या पाण्यांत सुटून गेल्या होत्या.

मी तलावाकडे फिरावयास गेलों. पाणी आटलेल्या पात्रांत गेल्या पावसाळ्यांतल्या सहलींच्या बाटल्यांचे तुकडे जागोजाग चमकत होते. हिरवे, तपकिरी, कांहींवर अर्धवट अक्षरें. यांना कोणी राखेनें घांसलें नाहीं, कोणी उन्हांत पालथें घातलें नाहीं. कालचाच गुराखी म्हशींच्या पुढें वांकून चालला होता आणि त्यांच्या खुरांना लागूं नयेत म्हणून एकेक तुकडा उचलून धोतराच्या ओच्यांत टाकीत होता. मीहि वांकलों.